चौथ्या प्रश्नाचे गुण

मी अठरा वर्षांचा असताना, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, एका परीक्षार्थीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेतील चौथ्या प्रश्नाला मी वीसपैकी तीन गुण दिले. उत्तर चार पानांचे होते. त्यातली दोन पाने मी वाचली होती. ती उत्तरपत्रिका तपासण्याचा अधिकार मला नव्हता. तो माझ्या वडिलांना होता, आणि पत्रिकेवर सही त्यांचीच झाली.

आमचे घर धंतोलीत होते. भाड्याचे, तीन खोल्या आणि पुढे अरुंद व्हरांडा. बाबा एका कॉलेजात मराठी शिकवत. दर उन्हाळ्यात विद्यापीठाकडून त्यांच्याकडे बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे गठ्ठे येत. जाड कापडाच्या पिशव्या, तोंडाला सुतळी, सुतळीवर लाखेचे शिक्के. पहिली पिशवी उघडली की घराची चाल बदलत असे. बैठकीच्या खोलीला वाळ्याच्या ताट्या लागत. त्यांच्यावर दर तासाला पाणी मारणे हे माझे काम होते, आणि ताटीवरून खालच्या घमेल्यात टपटपणारे थेंब हा त्या महिन्याचा मुख्य आवाज. रेडिओ हळू लावायचा. आईने कुरडया घालायच्या त्या पहाटे, कारण नऊनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नसे. दुपारच्या जेवणाला बहुतेक बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात असे. वर हिंगाच्या फोडणीचे तेल, बाजूला चिंचवणी. ते झाले की कैरीचे पन्हे, आणि मग बेरजा. बेरजांना सगळे घर बसे. बाबा गुण वाचत, माझी धाकटी बहीण कुंदा लिहून घेई, मी ताळा पाही. बेरजेला घरच्यांची मदत सगळेच परीक्षक घेत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. तपासणे मात्र परीक्षकाने स्वतःच करायचे, हा नियम होता, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या वर्षापर्यंत बाबांनी तो एकदाही मोडला नव्हता.

कोणाचे पेपर कोणाकडे गेले हे गुपित मानले जाई, तरी मे महिन्यात परीक्षकांची घरे शहरात बहुतेकांना माहीत असत. माणसे यायची. कोणी आंब्याची करंडी घेऊन, कोणी लांबच्या नात्याची ओळख घेऊन, कोणी नुसता क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घेऊन. बाबा दारात उभे राहून एकच वाक्य बोलत: "मी या महिन्यात कोणाला भेटत नाही." एकदा माझ्या सख्ख्या मामाने आणलेली करंडी त्यांनी रिक्षात घालून परत पाठवली होती. आई त्यावरून चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आम्हा मुलांना मात्र या गोष्टीचा अभिमान होता, आणि मी ती मित्रांना सांगत असे.

साहित्य कसे वाचायचे, हे मी त्याच घरात शिकलो. नाटक असो, कादंबरी असो, प्रश्न आला की त्याचे मुद्दे पाडायचे. व्यक्तिरेखा असेल तर स्वभावविशेष सहा: पहिल्याला एक उतारा, दुसऱ्याला एक प्रसंग, असे करत शेवटी समारोप. कविता असेल तर आशय, कल्पना, भाषा. बाबांकडे प्रत्येक अपेक्षित प्रश्नाचे नमुना उत्तर असे, एका बाजूला दुमडलेल्या फुलस्केप कागदावर, आणि ते खरोखर नीटस असे. आदल्या वर्षी मी स्वतः हीच परीक्षा दिली होती. माझे पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे गेले होते आणि मराठीत मी कॉलेजात पहिला आलो होतो. मी लिहिलेले एक वाक्यही बाबांच्या नमुना उत्तराबाहेरचे नव्हते. तरी मला साहित्य कळते, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

त्या उन्हाळ्यात बाबांचे डोळे आले. सकाळी पापण्या उघडत नसत. आई कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून गुलाबपाणी घाली. बाबांची पद्धत अशी होती की एका गठ्ठ्यातला एकच प्रश्न सगळ्या पत्रिकांमध्ये सलग तपासायचा, मग दुसरा. त्यामुळे मोजमाप सारखे राहते, असे ते म्हणत. शेवटच्या गठ्ठ्याचे बाकी प्रश्न झाले होते, चौथा तेवढा राहिला होता, आणि गठ्ठा परत करायला आठवडाही उरला नव्हता. मुदत वाढवून मागणे त्यांना कमीपणाचे वाटे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले, नमुना उत्तराचा कागद हातात दिला आणि म्हणाले, "मुद्दे बघ. मुद्दा असेल तिथे खूण कर. अडलं तर वाचून दाखव." लाल पेन्सिल त्यांनी स्वतः टोक काढून दिली.

त्या वर्षी एक जुने ऐतिहासिक नाटक अभ्यासाला होते. नायिका एका सरदाराची पत्नी. नवरा शत्रूशी आतून बोलणी करतो आहे, हे तिला कळते आणि ती पत्र लिहून ते दरबाराला कळवते. पत्र नेते तिची दासी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती निघते, चौथ्या अंकात परत येते, "पोचवलं, बाईसाहेब," एवढे एकच वाक्य बोलते आणि दाराशी उभी राहते. त्यानंतर नायिकेचे प्रसिद्ध भाषण आहे. प्रश्न होता: नायिकेचे स्वभावचित्रण करा. सहा मुद्दे: कर्तव्यकठोर, त्यागी, स्वाभिमानी, निर्भय, पतिनिष्ठा आणि राजनिष्ठा यांच्या कात्रीत सापडलेली, शेवटी एकाकी. पहिल्या दिवशी मी चाळीसेक उत्तरे तपासली. बहुतेक सगळी एकाच गाईडातून आली होती, आणि ते मला सोयीचे वाटले.

दुसऱ्या दिवशी ज्या पत्रिकेच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे चार-शून्य-सात होते, ती हातात आली. उत्तराची सुरुवात दासीपासून होती. पहिली दोन पाने दासीबद्दलच होती. पत्र पकडले गेले असते तर मान दासीची गेली असती, असे लिहिले होते. दोन अंकांच्या मध्ये ती किती चालली असेल याचा हिशेब नाटकात आलेल्या गावांच्या नावांवरून मांडला होता. ती परत येते तेव्हा तिला कोणी बस म्हणत नाही, असेही होते. दोन पाने संपल्यावर मी थांबलो आणि पत्रिका घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. बाबा आणि कुंदा पानावर बसले होते, आई वाढत होती.

"ऐका, चारशे सात नंबर काय म्हणून राहिले," मी म्हणालो.

"वाच ना बापा, नाटकं कशाला करतो!" कुंदा म्हणाली.

उत्तर शुद्ध, पुस्तकी भाषेत लिहिलेले होते. मी ते वऱ्हाडी हेल काढून वाचले. अक्षरावरून, किंवा विषयावरून, लिहिणारे कोण असावे याचा अंदाज मी केला होता आणि त्या अंदाजाप्रमाणे आवाज लावला होता. दासीने दिवसभरात काही खाल्ल्याचा उल्लेख नाटकात नाही, या वाक्यापाशी कुंदाला ठसका लागला.

"अगं बाई, तिच्या जेवणाचं कोण पाहून राहिलं! दिली असेल कोणी भाकर बांधून," ठसका आवरत कुंदा म्हणाली.

"नाटककाराचं चुकलंच," बाबा म्हणाले. डोळ्यांवर ओला बोळा होता, तरी ते हसत होते. "दासी डबा घेऊन प्रवेश करते, असं लिहायला पाहिजे होतं."

आई भात वाढायची थांबली. "पण त्यात चूक काय आहे? मी पाहिलं होतं ते नाटक, लग्नाच्या आधी. ती पोरगी खरंच उभीच होती. मला वाटलं, आता चक्कर येऊन पडते ही."

"पडली असती तर बरं झालं असतं," कुंदा म्हणाली, "भाषण तरी थांबलं असतं."

बाबांनी मला विचारले, "प्रश्न कोणावर आहे?"

"नायिकेवर."

"नायिकेबद्दल काही लिहिलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग विषयांतर. दोन-तीन द्यायचे आणि पुढं जायचं."

तिसरे आणि चौथे पान मी उलटले नव्हते. "नाही" हा शब्द मी न बघता बोललो. मी तीन गुण दिले, गोल केला, आणि जेवायला बसलो. पुढचे दोन दिवस कुंदा आईला "दासीबाई, पाणी आणा" म्हणत होती आणि मी हसत होतो.

त्यानंतरच्या दुपारी, दोनच्या सुमारास, व्हरांड्याच्या पायरीपाशी सायकल टेकवल्याचा आवाज आला. पन्नाशीचे एक गृहस्थ होते, पांढरा पायजमा, डोक्यावर ओला दुपट्टा. त्या उन्हात ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इंदोऱ्याहून सायकलवर आले होते. त्यांनी आपले नाव सांगितले. ते मी इथे देत नाही. गिरणीत मागाच्या खात्यात आहे, असे सांगितले आणि गिरणी कोणती तेही सांगितले.

"सर हायेत का जी?"

बाबा काळा चष्मा लावून आतल्या दारात येऊन उभे राहिले. "मीच. पण मी या महिन्यात कोणाला भेटत नाही."

"माहीत हाये जी. मी आंबे-गिंबे काही नाही आणले. तीन सरांच्या घरी जाऊन आलो, पेपर कोणाकडं गेला ते कोणी सांगत नाही. सांगूही नये. माझी पोरगी बी.ए.ले हाये, पहिल्या सालाले. आमच्या घरातून कॉलेजात गेली ती हेच पहिली. पेपर देऊन आली तवापासून तिच्या घशाखाली घास नाही. म्हणते, बाबा, एका सवालात म्या गाईडातलं सोडून सोताच्या मनचं लिवलं. आता मास्तर पुरं वाचतीन का नाही वाचतीन."

"मी गुण वाढवत नाही," बाबा म्हणाले.

"नंबर वाढवा म्हणून आलोच नाही, सर. पडली त पडली. फक्त एक डाव शेवटपर्यंत वाचून पाहा, एवढं सांगासाठी आलो. त्याचं असं हाये का, तिच्यासाठी मौद्याचं ठिकाण येऊन बसलं हाये. तिच्या मामाले म्या कबूल केलं, पास झाली त पुढं शिकवतो, नाही झाली त लगन करून देतो. आता शब्द त देऊन बसलो. म्हणून जिवाले घोर."

बाबा म्हणाले, "इथे प्रत्येक उत्तरपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जाते."

मी त्यांच्या मागे, तीन हातांवर उभा होतो.

"मंग झालं जी," ते गृहस्थ म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर मोकळा झाला. "मंग आमचं काही म्हणणं नाही."

आईने त्यांना पाणी दिले. आमच्याकडे तेव्हा काही लोकांसाठी निराळे भांडे असे. त्या दिवशी पाणी कोणत्या भांड्यातून दिले गेले, ते मला आठवत नाही. मी आईला नंतर कधी विचारले नाही. जाताना त्यांनी एक चिठ्ठी कठड्यावर ठेवली. बाबा म्हणाले, "चिठ्ठी नको," तोवर सायकल फाटकाबाहेर गेली होती. "वसंता, ती न वाचता फाडून टाक," असे मला सांगून बाबा आत गेले.

मी ती वाचली. कॉलेजचे नाव आणि परीक्षा-क्रमांक होता. शेवटचे आकडे चार-शून्य-सात होते. मग मी ती फाडली.

बाबा झोपल्यावर मी पत्रिका काढून तिसरे आणि चौथे पान वाचले. तिसऱ्या पानाच्या सुरुवातीपासून उत्तर नायिकेकडे वळले होते. तिला स्वतःचा त्याग दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही, असे मांडले होते. नायिकेचे मोठेपण नाकारलेले नव्हते; ते कुठे थांबते ते दाखवले होते. परत आलेल्या दासीला ती एक प्रश्नही विचारत नाही, आणि शेवटच्या अंकात ती एकटी पडते तेव्हा तिच्याजवळ कोणी का उरलेले नसते, याचे कारण नाटककाराने सांगितले नसले तरी ते या प्रवेशात आहे, असे लिहून त्या प्रवेशातल्या तीन ओळी उद्धृत केल्या होत्या. मी पुस्तक काढून पडताळल्या. बरोबर होत्या. नमुना उत्तरातल्या सहापैकी चार मुद्दे या दोन पानांत होते, मात्र त्यांना आकडे घातलेले नव्हते. पुढे मी तीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेले वाचून त्यात काटछाट करण्याचे काम केले. त्या नाटकावर छापून आलेलेही बरेच वाचले. नायिकेच्या एकाकीपणाचे हे कारण मला त्यात कुठे आढळले नाही.

गुण बदलायचे तर नियम असा होता की खाडाखोडीशेजारी परीक्षकाची सही हवी. म्हणजे बाबांना उठवायचे, आपण दोन पाने न वाचता "नाही" म्हणालो हे सांगायचे, आणि चिठ्ठी वाचली हेही सांगायचे. कोणी दारात येऊन गेल्यावर गुण बदलणे, हीच गोष्ट बाबा आयुष्यभर टाळत आले, तेव्हा न बदलणेच योग्य, असा एक युक्तिवाद मी अनेक वर्षे स्वतःला ऐकवत होतो. पण त्या दुपारी तो माझ्या मनात आला नव्हता. तो मी नंतर रचला. त्या दुपारी मला एवढेच वाटत होते की बाबांना मी कोणता माणूस आहे ते कळेल. गठ्ठा आणखी दीड दिवस घरात होता. त्या दीड दिवसात मी बाबांशी चार वेळा तरी एकटा बोललो: डोळ्यांबद्दल, ताटीच्या पाण्याबद्दल, माझ्या पुढच्या वर्षाच्या फीबद्दल.

बेरजांच्या दिवशी बाबांचे डोळे जरा बरे होते. त्यांनी पत्रिका एकेक उघडून गुण वाचले. चार-शून्य-सातपाशी थांबून ते म्हणाले, "बाकीचं बरं लिहिलंय. वसंता, हीच का ती दासीवाली?"

"हो," मी म्हणालो.

"शेवटपर्यंत वाचलं होतंस ना?"

"हो."

कुंदाने बेरीज सांगितली. एकतीस. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागत. गाईडातून लिहिलेल्या मध्यम उत्तरांना मी आठ-आठ गुण दिले होते. बाबांनी सही केली. संध्याकाळी मेणबत्तीवर लाख वितळवून त्यांनी पिशवीवर शिक्के मारले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून विद्यापीठात पोचती केली. पावती आणून बाबांना दिली.

निकाल लागला त्या दिवशी उत्तीर्ण झालेल्यांचे क्रमांक वर्तमानपत्रात छापून आले. तो क्रमांक त्यांत नव्हता.

दिवाळी झाल्यावर मी एकदा गिरणीच्या फाटकापाशी गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो. भोंगा झाला, पाळी सुटली, आणि शंभर माणसांतून त्या गृहस्थांनीच मला आधी ओळखले. ते सायकल हातात धरून बाजूला आले.

"सरांचे चिरंजीव ना जी तुम्ही? काहून इकडं कसे? सरांचे डोळे बरे हायेत ना आता?"

बरे आहेत, असे मी सांगितले आणि मुलीबद्दल विचारले.

"लगन झालं जी. मौद्याले दिली. माणसं चांगली हायेत." मग त्यांनी सायकल स्टँडला लावली. "सरांले माझा एक निरोप सांगा. चुकलं म्हणा माझं. त्या दिवशी तुमच्या दारी याले नव्हतं पाहिजे. पोरीले सांगतलं त ते माझ्यावरच तापली. म्हणे, बाबा, तुम्ही गेले तरी काहून? मंग म्या सांगतलं का सर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तवा गप झाली. निकाल लागल्यावर म्हणे, सरांनी पुरं वाचलं असन त मंग मलेच नाही समजलं ते नाटक."

त्यांचा एक सोबती फाटकातून ओरडला, "चाल ना गा, का रात करतं इथंच?"

"आलो गा!" ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "सांगजा जी निरोप."

"सांगतो," मी म्हणालो.

निरोप मी बाबांना सांगितला नाही. बाबा पुढे सतरा वर्षे जगले आणि त्यातली नऊ वर्षे परीक्षक होते. वर्तमानपत्रात लागल्यावर एकदा त्या मुलीच्या कॉलेजवर लिहायचे काम माझ्याकडे आले. तिथल्या कारकुनाने जुन्या नोंदवह्या काढून दिल्या आणि तो चहाला गेला. परीक्षा-क्रमांकावरून मला तिचे नाव सापडले. नापास झालेल्यांपैकी ज्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरला, त्यांची यादी त्याच वहीत होती. तिचे नाव त्या यादीत नव्हते. त्याच्या पुढच्या चार वर्षांच्या याद्याही मी पाहिल्या. त्यांतही नव्हते.